शाळा सोडल्याचं कारण

आमची शाळा सातवीपर्यंतच.
आठवीला जागाच नव्हती,
पलीकडं तालमीची भिंत, अलीकडं गटार.
इथनं पुढं ज्यानं त्यानं आपापलं बघायचं.

मगदूम गुरुजी दाखले लिहीत बसलेले,
पेनाचं टोपण दातात.
जन्मतारीख कुणाला विचारली नाही.
निम्म्या वर्गाला त्यांनीच एक जून दिलेला
पहिलीत घालताना.
वर्तणूक : चांगली.
जहिदा शिकलगारचीसुद्धा चांगली,
जिनं खडूचा अख्खा डबा हौदात ओतलेला
पाणी पांढरं होतंय का बघायला.
झालं होतं.
शाळा सोडण्याचे कारण : सातवी उत्तीर्ण.
एकतीस वेळा तेच, तशाच वळणदार अक्षरात.

पाच-पाच रुपये काढून
महाद्वार रोडवरनं घड्याळ आणलं शाळेला.
शेवंतानं साडेतीनच दिले.
राहिलेल्या दीड रुपयाचे
घरातनं दोन लाल गोंडे आणले, चपलेचे,
आणि घड्याळाच्या खिळ्याला बांधले.
कुणी हसलं नाही. एकजण हसला,
त्याला जहिदानं बघून घेतलं.
आमची नावं पेंटरनं घड्याळाच्या पाठीवर लिहिली.
पुढं का नाही, म्हणून आम्ही भांडलो.
गुरुजी म्हणाले,
पुढं तुम्ही बसलासा तर वेळ कुठं बसणार?

निरोपाला भडंगाचे पुडे.
माझ्या पुड्यात शेंगदाणे तीन.
आक्काताई चौगुले उशिरा आली
गंगावेशीत म्हशी पिळून,
बाहीला ओल्या दुधाचा वास.
भाषण तिचंच होतं.
"आदरणीय गुरुजन वर्ग" इथवर आली,
छताच्या पत्र्याकडं बघितलं,
परत "आदरणीय गुरुजन वर्ग" म्हणाली,
मग म्हणाली,
"फुडचं काय मला आठवत न्हाई,
तवा बसतो."
आणि बसली.
एवढ्या टाळ्या त्या दिवशी
साहेबांच्या भाषणालाही पडल्या नाहीत.

शेवटची घंटा जहिदानं दिली,
टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर,
गुरुजी थांब म्हणेपर्यंत देत राहिली.
गुरुजी थांब म्हणालेच नाहीत.

फाटकात कुणी जातो म्हटलं नाही.
आपल्यात जातो म्हणत नसतात.
येतो गं.
येतो.
चल, येतो मी पण.
आम्ही सगळ्या पोरी येतो म्हणणाऱ्या,
खातो, बसतो, झोपतो म्हणणाऱ्या.
त्यात काही चुकतंय
हे आम्हाला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आठवीत मोठ्या हायस्कुलात
नव्या बाईंनी बाकावर उभं केलं.
जातो नव्हे, जाते.
मुलगा आहेस का तू?
दिवाळीपर्यंत मी सुधारले.
तिमाहीला सुधारलेल्या मराठीत पहिली आले.
पुढं कॉलेज, पुढं पुणं,
पुढं झोपेतसुद्धा जाते, येते, करते.

शेवंताचा दाखला न्यायला कुणी आलंच नाही.
आठवीला घालायची नाही तर कागद कशाला,
असं तिचे वडील म्हणाले म्हणे.
मी एकदा सुभाषनगरात गेले होते,
चपला घ्यायला असं घरी सांगून.
तीन गल्ल्या हिंडले.
वेणी घालणारे हात खूप होते दारादारांत,
सगळ्यांनी माना खाली घातलेल्या.
हाक मारायची तर कुठल्या नावानं,
लग्नानंतरचं मला माहीत नव्हतं.
चपला घेतल्या. चावल्या.

परवा पासपोर्टसाठी तो दाखला काढला.
घडीवर फाटलाय, पण एक जून शाबूत.
खिडकीतल्या माणसानं वाचला,
उलटा करून पाठही बघितली,
पाठीवर काही नव्हतं.
शिक्का मारला.
झालं मॅडम, म्हणाला.

मी पिशवी उचलली
आणि तोंडातनं गेलं,
"बरं, येतो."

त्यानं मान वर केली.